डावीकडचं दुसरं दार

विमान डोक्यावरून गेलं आणि माझे दोन्ही हात आपोआप वर उठले. हातात खरबूज होतं, ते पडलं, फुटलं आणि त्याचं अर्धं शकल घरंगळत एका मोटारीखाली जाऊन थांबलं. हात मात्र तसेच हवेत, दोन-दोन बोटं पुढे काढलेली. आधी पुढची दारं, मग मधली, मग मागची. भर दुपारी सॅन बर्नार्डिनोतल्या एका वाणसामानाच्या दुकानाबाहेर अडुसष्ट वर्षांची बाई उभ्या मोटारींना बाहेर पडायची दारं दाखवते आहे. ढकलगाडी घेऊन जाणारा एक म्हातारा थांबला आणि म्हणाला, "मॅडम, आपलं उड्डाण वेळेवर आहे ना?" मी म्हटलं, "तुम्ही आधी पट्टा बांधा." तो हसत गेला. मला हसू आलं नाही, कारण गुडघे थरथरत होते. तो आवाज मला कानांनी कळत नाही, गुडघ्यांनी कळतो. दोन इंजिनं पंखांखाली आणि तिसरं शेपटात. प्रवासी घेऊन उडणारं तसलं विमान आता कुठंच राहिलेलं नाही. जी दोन-चार उरली त्यांच्या पोटाला टाक्या लावल्या आहेत आणि उन्हाळा सुरू झाला की ती आमच्या डोंगरांवर लाल पाणी ओतत फिरतात. त्यांतल्या एकाला मी डोळे मिटून ओळखते. त्याच्या डावीकडच्या दुसऱ्या दारापाशी मी आयुष्याची एकोणीस वर्षं घालवली आहेत, आणि त्याच दारातून मला माझा नवरा मिळाला आहे.

सकाळी नाश्त्याच्या वेळी आगीची नुसती सूचना आली होती. आमच्या मन्झनीता रोडवर अशा सूचना दर वर्षी येतात, शेजारच्या लग्नाच्या आमंत्रणासारख्या. ठेवायच्या लक्षात, जावं लागेलच असं नाही. आग दोन घळी पलीकडे होती. वारा मात्र वाळवंटाकडून सुटला होता, अंगणातल्या खुर्च्या आपसांत भांडत होत्या, आणि असल्या वाऱ्यात विमानं उडत नाहीत, कारण लाल पाणी खाली पोचायच्या आत त्याचा धुरळा होऊन भलतीकडेच जातो. वार्तान कॉफी ओतत म्हणाला, "दुपारी पडेल वारा." वार्तान म्हणजे माझा नवरा, वय बहात्तर, आर्मेनियन, नाकाने हवामान सांगणारा. त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या. दुपारी निघताना मी म्हटलं, अर्ध्या तासात येते, तोवर दोन्ही पिशव्या दाराशी आणून ठेव. त्याने "हो" म्हटलं. त्याचं हो म्हणजे ऐकू आलं एवढंच. वारा खरंच पडला, विमानं उडाली, खरबूज फुटलं, आणि मी त्याची शकलं गोळा करायला वाकले तेवढ्यात माझ्या पर्समधला फोन किंचाळला. त्या म्हाताऱ्याचाही किंचाळला. सगळ्या पार्किंगभर, बंद मोटारींमधून, लोकांच्या खिशांतून, एकाच वेळी तोच आवाज. मन्झनीता रोड, ताबडतोब बाहेर पडा. आता ती सूचना नव्हती, हुकूम होता.

मी त्याला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला. यात घाबरण्यासारखं काही नाही, असं मी स्वतःला बजावलं, कारण वार्तान पहिल्या हाकेला कधीही ओ देत नाही. पहिली हाक त्याच्यापर्यंत पोचायला निघते, दुसरी दारात उभी राहते, तिसरीला तो म्हणतो, "काय गं?" जेवायला बोलवा, तोच प्रकार. त्याला हृदयाचा झटका आला तेव्हासुद्धा मी स्वयंपाकघरातून दोनदा हाक मारली आणि तो बाहेर पायरीवर बसून होता, तिसरीला म्हणाला, "थोडं जळजळतंय छातीत." त्याचं थोडं म्हणजे किती हे त्या दिवशी मला डॉक्टरांनी सांगितलं. आता कानात यंत्र घातलं आहे, पण जित्याची खोड. यंत्र आल्यापासून उलट त्याला नवी सबब मिळाली आहे.

तिसऱ्यांदा लावल्यावर त्याने उचलला.

"काय गं?"

"काय गं काय! हुकूम आलाय. निघ तिथून."

"आलाय ना, वाचला मी. झाडाला पाणी घालतोय. पाच मिनिटं."

"धूर किती आहे?"

"आहे थोडा."

"वार्तान, तुझं ते थोडं मला सांगू नकोस हं. पिकअपमध्ये बस आणि खाली ये. पिशव्या टाकल्यास?"

"टाकतो. पाच मिनिटं म्हटलं ना. मुळं ओली असली की झाड तग धरतं, होकीस." होकीस म्हणजे त्यांच्या भाषेत माझा जीव. एरवी मी त्याची रो, पण लाडात आला की होकीस म्हणतो, आणि ऐकायचं नसलं की हमखास म्हणतो.

गाडी रस्त्याला लागली तेव्हा सूर्य तांबडा, जुन्या बल्बसारखा झाला होता आणि काचेवर राख पडत होती. सिग्नलला थांबले तर माझे हात मांड्यांखाली गेलेले, तळवे वर. ही दुसरी खोड, माझी. विमान सुटताना आणि उतरताना विमानात कामाला असलेल्या आम्ही पोरी आपल्या लहान घडीच्या खुर्चीत अशाच हात दाबून बसायचो आणि तीस सेकंद मनातल्या मनात उजळणी करायचो. माझं दार कुठलं, कडी कुठल्या बाजूला फिरते, बाहेर ज्वाळा दिसल्या तर कुठल्या दाराकडे वळवायचं, समोरच्या रांगेतला धडधाकट माणूस कोण, ओरडायचं काय. दिवसातून चार वेळा, एकतीस वर्षं. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली, उजळणी सुटली नाही. दंतवैद्याच्या खुर्चीत करते. चर्चमध्ये करते. लग्नानंतर पहिल्यांदा वार्तानच्या शेजारी मोटारीत बसून केली तेव्हा मी प्रार्थना करते आहे असं त्याला वाटलं, आणि त्याने आपल्या बहिणींना फोन करून सांगितलं की मुलगी परकी आहे पण भाविक आहे. त्या बहिणींनी पुढे दहा वर्षं मला दर सणाला क्रूस भेट दिले. खरं सांगायचं धाडस मला झालं नाही. खरं सांगायचं धाडस न होणं ही माझी तिसरी खोड.

त्या फेब्रुवारीत आम्ही बॉस्टनहून लॉस एंजेलिसला उतरलो. मी सत्तावीस वर्षांची होते. चाकं टेकली, ब्रेक लागले आणि माझ्या पायाखालून कसलासा खरवडल्यासारखा आवाज आला. विमान थांबलं तेव्हा डाव्या चाकांकडून धूर येत होता आणि मग तो धूर आत आला. माझं दार डावीकडचं दुसरं. माझ्या बाजूला ज्वाळा नव्हत्या, मागच्या दाराशी होत्या. मी कडी फिरवली, घसरगुंडी फुगली, आणि माझ्या तोंडून माझ्या नसलेल्या आवाजात शब्द निघाले, पट्टे सोडा, सामान टाका, इकडे या. हा आवाज शिकवून येतो. वर्षातून एकदा आम्हाला कंपनीच्या प्रशिक्षणाच्या तळावर नेऊन तो घासूनपुसून देत. तो गोड नसतो, त्यात प्लीज नसतं, त्यात माणसाला विचार करायला जागा नसते. नव्वद सेकंदांत विमान रिकामं व्हायला हवं. एक बाई फरकोट घेऊन आली, मी तो ओढून मागे फेकला. एका गृहस्थाला टायपरायटरसकट यायचं होतं, त्याला मी असं काही ढकललं की टायपरायटर राहिला आणि तो गेला. मग येणारी माणसं थांबली. धूर इतका दाट होता की समोरच्या रांगेतल्या खुर्च्यांचे हातही दिसेनात. नियम असा की शेवटी आत हाक मारायची, कुणी आहे का, आणि नुसती मारायची नाही तर जाऊन बघायचं, जमेल तितकं. मी हाक मारली. पुन्हा मारली. ओ आली नाही. मी बघायला गेले नाही. मी वळले, एक पाय दाराच्या उंबऱ्यावर ठेवला, खाली लोक पळताना दिसत होते, थंड हवा तोंडावर आली, आणि तेव्हा मला आठवेना की मी हाक दोनदा मारली की तीनदा. तिथे उभं राहून मी खरोखर बोटं मोजली. भीतीने डोकं इतकं रिकामं झालं होतं की दोन आणि तीन यांतला फरक ठरेना. म्हणून, नुसता आकडा पुरा करायला, मी मागे वळून आणखी एकदा ओरडले, कुणी आहे का. आणि आतून अगदी शांतपणे, दुकानात गिऱ्हाईक बोलावं तसा आवाज आला, "आहे की."

तो धुरातून चालत आला तेव्हा त्याच्या कवेत बुटांच्या खोक्याएवढी लाकडी पेटी होती. ती सीटखालून घसरून कुठेतरी पुढे गेली होती आणि हा माणूस जमिनीवर पालथा पडून ती शोधत होता. मी पेटी हिसकावून फेकली. तो म्हणाला, "अहो बाई, त्यात झाड आहे!" मी त्याच्या छातीवर दोन्ही हात ठेवले आणि त्याला ढकलून दिलं. पेटीत त्याच्या अर्शालूस आत्याच्या अंजिराच्या काड्या होत्या, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. आत्या बॉस्टनजवळ राहायची, थंडीत झाडाला गोधड्या पांघरायची. ती गेली, घर विकायला निघालं, तेव्हा भाच्याने झाडाच्या सहा काड्या छाटल्या, पाच पेटीत ठेवल्या आणि एक लांबीला जास्त म्हणून कोटाच्या आतल्या खिशात खोचली. पेटीतल्या पाच जळाल्या. तीन आठवड्यांनी माझ्या ऑफिसात एक कुंडी घेऊन तो आला. कुंडीत एक काडी आणि काडीला नखाएवढं एक पान. "तुम्ही खिसा तपासला नाहीत," तो म्हणाला, "म्हणून आभार मानायला आलो." असल्या माणसाशी लग्न करू नये असं माझी आई म्हणाली होती, आणि असल्या माणसाला नाही कसं म्हणायचं ते तिने शिकवलं नव्हतं.

कंपनीने मला पितळी ताट दिलं. त्यावर कोरलं आहे की प्रवाशाला शोधण्यासाठी जी धुरात परत गेली तिला. अहवालात मी एकच वाक्य खोटं लिहिलं होतं, केबिन तपासून खात्री केली. चौकशी करणाऱ्या साहेबांनी ते वाचलं, मान हलवली आणि पुढच्या कागदाकडे वळले. ते ताट आमच्या बोळकांडीत लटकतं आहे. त्याच्यावर मी कोट टांगते. वार्तानकडे पाहुणे आले की तो कोट बाजूला करून ताट दाखवतो, "ही माझ्यासाठी आगीत परत आली हो," आणि मी स्वयंपाकघरात जाऊन काहीतरी ढवळते. एक्केचाळीस वर्षं ढवळते आहे. किती वेळा वाटलं सांगून टाकावं. पण माणूस इतक्या प्रेमाने एखादी गोष्ट सांगत असला की तिच्यातला खिळा काढायला जीव धजत नाही.

तीन वर्षांमागे आगीवर जाणाऱ्या विमानांच्या तळावर लोकांना ती बघायला बोलावलं होतं, तेव्हा आम्ही गेलो. हाइरम नावाचा एक जाडजूड मेकॅनिक सगळ्यांना टाक्या दाखवत होता. "पस्तीस हजार लिटर," तो सांगत होता, "पाणी, खताचं मीठ आणि गेरूसारखा रंग. आग विझवत नाही हे, उगाच टाळ्या वाजवू नका. आगीच्या वाटेत रेघ ओढतं. विझवतात ती माणसं, खाली, फावडी घेऊन." मी शिडी चढून आत गेले आणि हात लावायच्या आधीच ओळखलं. दाराच्या चौकटीतल्या पत्र्यावर विमानाचा मूळ क्रमांक ठोकलेला असतो. चौकशीत तो इतक्या वेळा वाचला होता की माझ्या जन्मतारखेआधी तो आठवतो. तोच होता; त्या आगीनंतर दुरुस्त होऊन ते पुन्हा उडायला लागलं होतं. आत सीटा नाहीत, पडदे नाहीत, खिडक्या बुजवलेल्या, नुसती लांबलचक बोडकी पोकळी आणि दोरखंडांसारख्या तारा. जिथे सव्वातीनशे माणसं जेवली, झोपली, भांडली तिथे आता आवाज घुमत होता. मला रडू आलं. हाइरम म्हणाला, "काय झालं बाई?" वार्तान म्हणाला, "काही नाही, ती माहेरी आलीये." हाइरम म्हणाला, "मग सांगून ठेवतो, तुमच्या माहेरची म्हातारी अजून कामाला वाघ आहे. प्रवासी उतरले, पण आमच्या पोरांपेक्षा जास्त फेऱ्या मारते." वार्तानने चौकटीवरून हात फिरवला, पत्र्याचा क्रमांक वाचला, आणि बराच वेळ त्या उंबऱ्याकडे बघत उभा राहिला. मी त्याला हाक मारली. तिसऱ्या हाकेला तो म्हणाला, "इथेच ना गं?" मी म्हटलं, "इथेच." आणि तेव्हाही सांगितलं नाही.

मन्झनीता रोडच्या तोंडाशी पोलिसांनी रस्ता अडवला होता. वरून मोटारी येत होत्या, खालून एकही सोडत नव्हते. केसादा नावाची तरुण पोलीस, तोंडावर फडकं, डोळे लाल, माझ्या खिडकीशी वाकली.

"मॅडम, वर नाही जाता येणार."

"माझा नवरा आहे वर."

"नाव, घर क्रमांक? आमची गाडी दारोदार फिरतेय. चालू शकतात ना ते?"

"चालू शकतो. चालत नाही एवढंच."

तिने लिहून घेतलं. मी गाडी कडेला लावून फोन लावला, आणि या वेळी पहिल्याच घंटेला त्याने उचलला. त्यानेच मी घाबरले. मागे पाइपातून पाणी पडल्याचा आवाज होता, आणि त्यामागे दुसराच आवाज, सुकी पानं कुणी मुठीत चुरावीत तसा, पण डोंगराएवढ्या मुठीत.

"वार्तान, पाइप टाक."

"घळीच्या अलीकडे आलीये गं. झाडाच्या मागची कुंपणं ओली केली तर—"

"झाड जाऊ दे!"

"जाऊ दे कसं? तू त्या दिवशीपण असंच म्हणालीस. मी तेव्हा तुझं ऐकलं असतं तर झाड नसतं, तू नसतीस, मी फ्रेस्नोत मनुका विकत बसलो असतो." तो हसत होता आणि खोकत होता. "त्या दिवशी तू माझ्यासाठी आत आलीस ना? मग मला माझ्या झाडापाशी पाच मिनिटं थांबू दे. हिशेब सारखा."

हे बोलणं माझ्या काळजात गेलं. तो तिथे उभा होता तो माझ्या खोट्याच्या जोरावर. माणसं परत आत जातात, बायका परत येतात, काही होत नाही, हे त्याला मीच शिकवलं होतं, एका पितळी ताटाने. मी म्हटलं, "ऐक. मी आले नव्हते आत. मी तपासलं नव्हतं. मी निघाले होते, वार्तान, माझा एक पाय बाहेर होता. हाका किती मारल्या ते विसरले म्हणून तिसरी मारली. चुकून. तू चुकून वाचलास. ते रोज होत नाही." पलीकडून काही आलं नाही, नुसता तो चुरण्याचा आवाज. मग माझ्या तोंडून तो दुसरा आवाज निघाला, तळावर घासूनपुसून मिळालेला. कुणी तरी माझ्या आतून उठून उभं राहावं तसा. केसादा दचकून मागे वळली. "सगळं टाक! इकडे ये! वार्तान!" मी ओरडले. "वार्तान!" आणि तिसऱ्यांदा तोंड उघडलं तर फोनमध्ये काही नव्हतं, रेंजच्या जागी पोकळ फुली. वरचा टॉवर गेला होता.

मग जे काही होतं ते थांबणं. मी मांड्यांखाली हात घातले. माझं दार कुठलं. गाडीचं, त्याचा काही उपयोग नाही. बाहेर आग आहे का, आहे. धडधाकट माणूस कोण. कुणी नाही, धडधाकट माणूस वर पाइप धरून उभा आहे. मी येणाऱ्या गाड्या मोजायला लागले, कारण मोजणं मला येतं. रोडवर तेहतीस घरं. घोडा वाहून नेणारी गाडी. शाळेतल्या बाईंची निळी. हॅन्सन म्हाताऱ्याची, टपावर गादी बांधलेली. मला तो राग आठवत होता जो एखाद्या माणसावर एक्केचाळीस वर्षं बारीक आचेवर राहतो आणि ज्याला दुसरं नाव नाही म्हणून प्रेम म्हणतात. त्याचे चष्मे आठवले, घरभर विखुरलेले पाच, आणि एकही नाकावर नाही. जुलैत तो शेजाऱ्यांना अंजिरं वाटतो आणि प्रत्येकाला सांगतो की हे झाड पहिल्या वर्गाने आलेलं नाही. गेल्या आठवड्यात मी त्याला म्हटलं होतं की तुझ्यापेक्षा त्या झाडाला जास्त ऐकू येतं. आता मला ते वाक्य परत घ्यायचं होतं आणि फोन बंद होता. सोळा गाड्या झाल्या, सतरा झाल्या.

तेव्हा ते आलं. आधी पुढचं लहान विमान, वाट दाखवणारं, डोंगराच्या कडेने चिमणीसारखं तिरपं होऊन गेलं आणि जिथे रेघ सुरू करायची तिथे पांढऱ्या धुराची एक फुंकर टाकून वर निघालं. त्याच्या मागे माझी म्हातारी. ती इतकी खाली होती की मला तिची पाठ दिसली, शेपटातलं इंजिन दिसलं, आणि एवढं जड धूड असूनही ती घाई करत नव्हती, बाळ झोपलेल्या खोलीत आई शिरते तशी ती त्या घळीत शिरली. कड्याच्या मागे गेली. आमच्या घराच्या बाजूला. पोट उघडलं असणार. मला दिसली ती नुसती लाल भिंत, कड्याच्या वरपर्यंत उसळलेली, आणि मग हळूहळू खाली बसणारी. इंजिनं गरजली आणि ती धुरातून वर आली, हलकी झालेली. केसादा स्वतःशीच म्हणाली, "शाब्बास." मी तिच्या डावीकडच्या दुसऱ्या दाराकडे बघत होते. वरून रंग मारला आहे, पण चौकट दिसते.

त्यानंतर पाच गाड्या आल्या. आमची पिकअप पांढरी. राखाडी आली, काळी आली, हिरवी आली, मग एक लाल आली, मग पोलिसांची गाडी आली आणि रस्ता रिकामा झाला. पोलिसांच्या गाडीतून कुणी ओरडून सांगितलं, वर आता कुणी नाही. माझ्या हिशेबात एकवीस घरांच्या गाड्या बसत होत्या, उरलेले सकाळीच गेलेले, आणि एक घर राहत होतं. मी दार उघडून खाली उतरले. केसादाने माझा दंड धरला. मी तिला म्हटलं, "तुम्ही हाक मारलीत की बघितलंत? आत जाऊन बघितलंत का?" ती म्हणाली, "मॅडम, शांत व्हा, काय नाव म्हणालात?" आणि मी नाव सांगायला, खरं तर नुसतं तोंडातून सुटलं म्हणून, म्हटलं, "वार्तान."

"ओ," माझ्या मागून आवाज आला.

ती लाल गाडी माझ्या गाडीमागे उभी होती. टपापासून चाकांपर्यंत लाल, समोरच्या काचेवर वायपरने पुसलेली दोन अर्धवर्तुळं, आणि त्यांतल्या एकातून माझा नवरा बघत होता. मी ती परक्याची म्हणून मोजली होती. आयुष्यात दोनदा मोजायला चुकले, दोन्ही वेळा याच माणसाच्या बाबतीत. तो उतरला. डोकं लाल, एक कान लाल, अंगात बागकामाचा जुना कोट, पायांत घरातल्या सपाता. मी त्याला आधी मारलं, खांद्यावर, दोनदा, आणि मग धरलं. त्याला खताचा वास येत होता.

"ऐकलंस का फोनवर मी काय सांगितलं ते?" मी विचारलं.

"काय? तू ओरडत होतीस एवढं कळलं. दोन हाका आल्या आणि फोन मेला. म्हटलं, अजून एक यायचीये, थांबू." तो खोकला. "मग ती म्हातारी आली. अशी, अंगणावरून. तुझं दार दिसलं मला, रो, चौकट अन् चौकट. म्हटलं, आली तिसरी. पाइप टाकला आणि निघालो."

मी त्याला माझ्या गाडीत बसवलं, पाणी दिलं, आणि रस्त्याकडे बघत सगळं पुन्हा सांगितलं. उंबऱ्यावरचा पाय, बोटं मोजणं, अहवालातलं वाक्य. या वेळी मी काही ढवळत नव्हते. तो पाणी प्यायला. मग म्हणाला, "माहितीये गं."

"काय माहितीये?"

"तू निघाली होतीस ते. खाली पडलो होतो ना मी, जमिनीजवळ धूर कमी असतो. तुझी पाठ दिसली. निळा कोट, एक पाय बाहेर."

"मग ओ का नाही दिलीस, मूर्खा!"

"पेटी सापडली नव्हती."

"आणि ते ताट? लोकांना दाखवत हिंडतोस ते?"

"मग काय दाखवू? पाठ?" त्याने चेहरा पुसायचा प्रयत्न केला आणि रंग अजून पसरवला. "पाठ तर सगळ्यांचीच असते, होकीस. तू वळलीस ना."

मला पुढे काही दिसेना. मग जुन्या सवयीने, कारण या माणसाला मी ओळखते, मी त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. लांबीला जास्त असलेली एखादी काडी, ओल्या कागदात नसेना का. खिसा रिकामा होता. दुसराही पाहिला. घराची किल्लीसुद्धा नव्हती.

"एक फांदी तरी आणायचीस रे," मी म्हटलं. "एक. एक्केचाळीस वर्षांचं झाड."

"तू म्हणालीस ना, सगळं टाक," वार्तान म्हणाला.

डोंगरामागून पुन्हा तो आवाज आला, गुडघ्यांतून वर चढणारा. टाक्या भरून ती परत येत होती, आमच्या नाही तर दुसऱ्या कुणाच्या तरी अंगणाकडे. गाडीची काच थरथरली. या वेळी मी मांड्यांखाली हात घातले नाहीत. एक हात त्याच्या रिकाम्या खिशात होता, तो तिथेच राहू दिला.